मानधनाची चोरी

ती घटना आजही आठवते आणि एकटा असलो तरी हसू फुटते. अमळनेर तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपत होती, तेवढ्यात एक नर्सबाई सासऱ्यांना घेऊन आल्या. हातात आयकर खात्याची नोटीस होती. तुम्ही आणखी एका संस्थेतून पगार घेतला आहे, उरलेला कर भरा, असे तिच्यात लिहिले होते.

"साहेब, मन्हा पगार एकच शे, दवाखानाना," बाई रडवेल्या होऊन म्हणाल्या. "त्या संस्थेचं नावबी मी कधी ऐकलं नाही."

सासरे, म्हणजे आबा, ताठ उभे होते. "मन्ही सून चोर नही शे. पन हाऊ कागद मिटस नही, तोवर तिनी नोकरी बंद!"

बाईंचा चेहराच उतरला. मला तर रागच आला. कुणीतरी बाईंचे पॅन कार्ड वापरून बोगस नर्स उभी केली असणार, असे मी धरून चाललो. स्टेशन डायरीत नोंद केली, बाईंना बाकावर बसवले आणि त्या संस्थेच्या हिशेबनीसाला दप्तरासह बोलावून घेतले. गुन्हा दाखल करायला माझे हात शिवशिवत होते.

हिशेबनीस नाना घाम पुसत आले. दारातच थबकले आणि बाकाकडे पाहून म्हणाले, "नमस्कार मॅडम! काल शिकवायला आला नाहीत?"

आमचा ठाणे अंमलदार तोंड फिरवून हसला. मी मात्र आवाज चढवला, "बाई, तुम्ही यांच्याकडे नोकरी करता?"

"नोकरी कुठे? संध्याकाळी नर्सिंगच्या पोरींना शिकवते, टेकडीवरच्या कॉलेजात. तो पगार नही, मानधन शे!"

नोटिशीतले नाव कॉलेज चालवणाऱ्या संस्थेचे होते. ते कागदावरच असायचे, गावात सगळे टेकडीचे कॉलेजच म्हणत.

"आमच्या रजिस्टरला पगारच लिहिलाय," नाना म्हणाले. "मॅडम, दवाखान्याने तुमची करमाफीची सूट पूर्ण धरली, आम्हीही धरली. सूट एकदाच मिळते. सरकारने दोन्ही पगार जोडले आणि कर वाढला. दुसरी नोकरी घेतानाच पहिल्या पगाराचं सांगितलं असतं, तर दर महिन्याला बरोबर कापला असता."

"म्हणजे मी चोर नाही ना?"

"कर आणि थोडं व्याज भरलं की झालं."

आबांनी सुनेकडे पाहिले आणि तोंडभर हसले. "दोन जागे पगार? बठ्ठा गावले सांगस!" सगळ्या गावाला सांगायच्या आनंदात चहा त्यांनीच मागवला. त्याच संध्याकाळी बाई शिकवायला गेल्या.

चूक माझीही होतीच. पगार एकच, हे मी ऐकून घेतले. दिवसभर काय करता, हे विचारायचे राहिले. पुढे प्रत्येक तपासात मी तो प्रश्न आधी विचारला.

निवृत्तीनंतर मी धुळ्यातल्या एका गिरणीत सुरक्षा अधिकारी झालो. पहिल्याच दिवशी कारकुनाला बजावले, "मला पेन्शन आहे. कर कापताना ती धरा."

तो हसून म्हणाला, "साहेब, पेन्शन म्हणजे काय पगार थोडाच?"

मी खुर्ची ओढली, दोन चहा सांगितले आणि त्याला ही गोष्ट सुरुवातीपासून सांगितली.