राउटेनाऊंचा शेवटचा ग्राफ

यज्ञेश्वर भाटवडेकरांना उत्तम जर्मन येत होतं, आणि त्याचं त्यांनी काय केलं, तर हडपसरच्या एका कारखान्यात यंत्रांच्या माहितीपुस्तिका मराठीत आणल्या. 'झडप बंद असल्याची खात्री करा' असली वाक्यं लिहिण्यात उभी हयात गेली. एकदा मात्र कारखान्याने त्यांना यंत्र पाहायला ऑस्ट्रियात धाडलं. तिथल्या एका खेड्यातल्या चर्चमध्ये ते थंडीला कंटाळून शिरले, तर भिंतीत थडग्यांच्या शिळा बसवलेल्या. सगळ्या एकाच घराण्याच्या, फॉन राउटेनाऊंच्या. आजोबाच्या नावाला एक पदवी, मुलाच्या नावाला त्याहून मोठी, नातवाच्या नावाला आणखी मोठी. यज्ञेश्वररावांना स्वतःला बढती कधी वेळेवर मिळाली नव्हती, म्हणूनही असेल, पण त्या घराण्याने त्यांना जे धरलं ते सोडलं नाही.

पुण्यात असल्या नादाला वेड म्हणत नाहीत, व्यासंग म्हणतात. त्यामुळे घरच्यांना तो मुकाट्याने सोसावा लागतो. नीरजाबाईंनी तो मुकाट्याने सोसला नाही, एवढंच. सहकारनगरच्या फ्लॅटमध्ये संध्याकाळचा चहा झाला की यज्ञेश्वरराव त्या दिवशी वाचलेलं सांगायला बसत आणि बाई गवार निवडत ऐकत. 'एड्लर, रिटर, फ्रायहेर, ग्राफ' ही पदव्यांची चढती रांग त्यांनी पाढ्याच्या चालीवर पाठ करून टाकली होती. राउटेनाऊंपैकी कोण कधी कुठल्या पायरीवर चढला, यात नवऱ्याची चूक झाली तर त्या शेंगेची शीर ओढता ओढता ती दुरुस्त करत.

"म्हणजे आपले जहागीरदार नि सरदेशमुखच की," त्या म्हणत. "आपल्याकडे ते आता बँकेत चेक वटवतात. तुमचे काय करतात?"

यज्ञेश्वररावांचे काही करत नव्हते. पहिलं महायुद्ध हरल्यावर ऑस्ट्रियाच्या नव्या प्रजासत्ताकाने कायदाच केला, की सगळ्या पदव्या रद्द, नावातला 'फॉन'सुद्धा लावायचा नाही. राउटेनाऊंचा शेवटचा ग्राफ लेओपोल्ड एका दिवसात नुसता 'हेर', म्हणजे श्रीयुत, राउटेनाऊ झाला. पण त्याच्या घरी एक जुनी स्वयंपाकीण होती. कायदा गेला चुलीत म्हणून ती त्याला 'हेर ग्राफ'च म्हणत राहिली. पुढे ती वारली. लेओपोल्ड तिच्यामागे बरीच वर्षं जगला, पण त्या हाकेने त्याला पुन्हा कुणी बोलावलं नाही.

"म्हणजे ग्राफ त्या बाईबरोबरच गेला," नीरजाबाई म्हणाल्या. "मागे राहिला तो त्या घरातला भाडेकरू."

इतकी वर्षं वाचून यज्ञेश्वररावांना हे सुचलं नव्हतं.

"आणि माझं काय?" त्यांनी हसत विचारलं.

"तुम्हाला मी आहे की 'अहो' म्हणायला!"

ते खरंच होतं. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. नंतर बाईंनी नवऱ्याचं नाव कधी उच्चारलं नाही. समोर असले की 'अहो', आणि चारचौघांत 'आमचे हे'. यज्ञेश्वररावांना आयुष्यात मिळालेली पदवी म्हणायची तर एवढीच.

मग बाईंचं विसरणं सुरू झालं. आमटीत मीठ दोनदा पडलं, दूध उतू गेलं, इथवर कुणी मनावर घेतलं नाही. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं तेव्हा यज्ञेश्वररावांनी मान डोलावली, आणि घरी आल्याबरोबर बायकोला विचारलं, "रिटरच्या वर कोण?" बाईंनी लगेच सांगितलं. त्यांना हायसं वाटलं. मग ते रोजच विचारू लागले. काही महिन्यांत एड्लर गळला. दिवाळीपर्यंत फ्रायहेर गेला. उत्तर आलं नाही की बाई ओशाळं हसत, आणि यज्ञेश्वरराव तोच प्रश्न जरा मोठ्या आवाजात विचारत. हा शुद्ध दुष्टपणा होता. भीतीने माणूस असा दुष्ट होतो.

"बाबा, प्लीज, तिची टेस्ट घेणं बंद करा," मुलगी तनया म्हणाली. "तिला स्ट्रेस येतो त्याचा."

"मी टेस्ट घेत नाहीये. बघतोय."

"काय बघताय?"

ग्राफ जाऊ दे, सगळं राउटेनाऊ खानदान जाऊ दे. रोज प्रश्न विचारल्यावर बाई "अहो, नाही हो आठवत" म्हणत, त्यातला 'अहो' शाबूत आहे ना, एवढंच यज्ञेश्वररावांना बघायचं होतं. तेवढ्यावर त्यांचा दिवस निघत होता.

अशात ज्येष्ठ नागरिक संघाने त्यांना व्याख्यानाला बोलावलं. पुण्यात कुठल्याही विषयाला सभागृह मिळतं. श्रोत्यांचं मात्र सांगता येत नाही. दहा-बारा माणसं होती आणि त्यांतली दोन पंख्याखाली झोपायला आलेली. नीरजाबाईंना यज्ञेश्वररावांनी पहिल्या रांगेत बसवलं. त्या ठेवणीतली साडी नेसल्या होत्या. लेओपोल्डची आणि स्वयंपाकिणीची गोष्ट त्यांनी पुढे झुकून ऐकली. यज्ञेश्वरराव त्यांच्याकडेच बघून बोलत होते. कितीतरी दिवसांत असं समोरून कुणी ऐकलं नव्हतं, आणि त्यांना वेड्यासारखी आशा वाटू लागली.

टाळ्या झाल्या. नीरजाबाई उठून त्यांच्यासमोर आल्या आणि त्यांनी हात जोडले.

"आपण फार छान बोललात," त्या म्हणाल्या. "आमच्या ह्यांनाही अगदी हाच नाद आहे. आज यायला हवे होते ते."

यज्ञेश्वररावांनीही हात जोडले. 'अहो'चा 'आपण' झाला होता. पुण्यातल्या बाईने परक्या पुरुषाला द्यायचा सगळ्यात मोठा मान. बढतीच म्हणायची.

"घरी... घरी सोडू का तुम्हाला?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"आपल्याला उगाच त्रास. बरं, चला. हे वाट बघत असतील."

रिक्षात बाई अगदी कडेला, मध्ये पर्स ठेवून बसल्या. परक्या माणसाबरोबर बसावं तसंच. वाटेत त्या 'ह्यां'च्या तक्रारी सांगत होत्या. चहा कोमट चालत नाही म्हणाल्या, चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधतात म्हणाल्या. सांगताना त्यांचा चेहरा इतका मायेचा झाला होता, की यज्ञेश्वररावांना त्या 'ह्यां'चा जळून हेवा वाटला. त्यांना मोठ्याने रडायचं होतं. रिक्षावाल्याला ते फक्त "पुढून डावीकडे" म्हणाले.

जिना चढून बाईंनी आपणच घंटी वाजवली. किल्ली यज्ञेश्वररावांच्या खिशात होती. ते मागच्या पायरीवर उभे राहिले.

"अहो," बाईंनी बंद दाराला हाक मारली, "अहो, दार उघडा ना. मी आलेय."

आत कुणी नव्हतं. बाईंनी पुन्हा घंटी वाजवली. यज्ञेश्वररावांना राहवलं नाही. इतकी वर्षं आतून द्यायचे तशी त्यांनी पाठीमागून ओ दिली, "आलो, आलो."

बाईंचा चेहरा उजळला. दारावरची नजर क्षणभर काढून त्या मागे वळल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "आले बरं का ते. आता आपण निघालात तरी चालेल."