तळं नाही म्हणणारा फोटो

प्रिय अनय आणि रेवा,

गेल्या रविवारी फोनवर अनयने विचारलं, "आजी, तू ध्रुवावर कधी गेलीच नाहीस, मग तिथला बर्फ वितळतोय हे तुला कसं माहीत? फोटो काय, कोणीही बनवतं." प्रश्न मला आवडला. संशय घेणं हेच माझं नोकरीभराचं काम होतं. उत्तर मात्र फोनवर नीट देता आलं नाही. परवा खालापूर तालुक्यात जाऊन आले, तिथे ते सापडलं. विसरायच्या आत लिहून काढते.

निमित्त कुसुमचं. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. आता ती चौक गावाच्या पुढे एका खेड्यात भातशेती करते. तिचा फोन आला, "विजे, आमचं तळं नायच म्हणतात गं. मोबाइलवर आभाळातला फोटो दाखवतात. मी काय आंधळी हाय?"

तळ्याशेजारची जमीन बाहेरच्या कोणाला तरी हवी होती. तळं कधीच बुजलंय, वर थोडा मुरूम (भरावाची डोंगरी माती) टाकू, असं त्याचा एजंट सांगत होता. परवा दुपारी देवळात बैठक होती. गावाने होकार दिला की मुरमाचे टेंपो सुरू होणार. कुसुमची विहीर तळ्याच्या उतारावर आहे. तळं बुजलं तर विहीर आटणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

मी पिशवी भरली: पाण्याची बाटली, पोळीभाजीचा डबा, सुतळीचं बंडल आणि खलबत्त्याचा लोखंडी बत्ता.

कर्जतहून रिक्षा केली. रिक्षावाला फारच गोड बोलत होता, म्हणून मी रस्त्यावर लक्ष ठेवून बसले. भात कापून झालेली खाचरं, मधूनच नवी कोरी कुंपणं, आणि कुंपणाच्या आत काहीच नाही. काहीच नसताना राखण कशाची?

चौकला चहासाठी थांबले. ढाबेवाल्याची नजर पिशवीतल्या सुतळीवर गेली.

"आजी, मोजणीला आलात काय?"

"नाही हो, मैत्रिणीकडे निघालेय."

"मैत्रिणीकडं? सुतळी घेऊन?"

(मोजणी म्हणजे जमिनीची सरकारी मापं. तिच्यामागून काय काय येतं, ते इथे सगळे जाणतात.) चहाचे पैसे त्याने आधीच मागून घेतले.

तळं पाहिलं, तर पाणीच दिसेना. या काठापासून त्या काठापर्यंत सपाट हिरवं, वर जांभळट फुलं. जलपर्णीवरून एक बगळा निवांत चालत होता. क्षणभर मलाही एजंट खरा वाटला.

मग एक जुनी गोष्ट आठवली. उपग्रहांनी पाठवलेली ध्रुवाची चित्रं वाचण्यात माझी नोकरी गेली. सुरुवातीला ती कॅमेऱ्याची असत. ढग आले की काही दिसत नसे, आणि तिथल्या लांब रात्रीत तर नुसता काळोख. पुढे रडारची चित्रं आली. रडारला अंधारातही दिसतं, आणि कोरड्या हिमाखाली ते थोडं डोकावतंसुद्धा. एकदा कॅमेऱ्याच्या चित्रातली पांढरीशुभ्र जागा रडारमध्ये काळी आली. सहकारी म्हणाले, यंत्राची चूक. मला पांढऱ्याचाच संशय आला. पुढच्या मोसमात तिथे गेलेल्या लोकांनी भोक पाडलं, तर खाली पाणी! उन्हाळ्यात साचलेलं, वर हिम पडून झाकलेलं. तेव्हापासून मी एकट्या चित्रावर कधी विसंबले नाही. दुसऱ्या डोळ्याने पाहायचं, आणि शेवटी कोणीतरी जाऊन हात ओला करायचा.

बैठकीची माणसं देवळातून तळ्याकडे आली. एजंट हसतमुख होता. मला ते खटकलं.

"मॅडम, उपग्रह खोटं बोलत नाही."

"उपग्रह वरचं सांगतो. खालचं तुम्ही सांगताय."

पाण्यात पुढे गेलेल्या एका दगडी ओट्याकडे निघाले, तर वाटेत माझी एक चप्पल चिखलाने गिळली. तशीच ओट्यावर चढले. कुसुमने बांबूने पानं बाजूला केली आणि मी सुतळीला बांधलेला बत्ता सरळ खाली सोडला. डुबुक! सुतळी जात राहिली.

"चिखल आहे तो," एजंट म्हणाला, "चिखलातही जाईल की."

शंका रास्त होती. मी सुतळी सावकाश वर ओढली. काळा गाळ फक्त बत्त्याला लागला होता. त्यावरची सुतळी पुरुषभर ओली, आणि स्वच्छ. नुसता चिखल असता तर ती सगळी काळी आली असती.

कुसुमने ती त्याच्यासमोर धरली. "काय रं, आता काढ की ह्याचा फोटू!"

माणसं हसली. एक म्हातारबाबा म्हणाले, "आदी हे हिरवं काढू. मंग बघू." एजंटही हसला, आणि बाजूला जाऊन हळू आवाजात फोनवर बोलू लागला. मला गाडीने कर्जतला सोडतो म्हणाला. मी नको म्हटलं आणि कुसुमच्या चपला घालून रिक्षाने परत आले.

'मंग बघू'वर माझा भरवसा नाही. म्हणून बत्ता आणि सुतळी कुसुमकडेच ठेवून आले आहे.

अनय, ध्रुवावर मी गेले नाही. पण एका चित्राला दुसरं विचारलं, आणि तिथे जाऊन आलेल्यांचे ओले हातही पाहिले. बर्फ कमी होतोय, यावर मी पुन्हा पुन्हा संशय घेतला. दर वेळी संशयच हरला. तो जिंकला असता तर मला आनंद झाला असता.

इथे तो जिंकला. तळं अजून आहे. त्यात पुरुषभर पाणी आहे.