वहिनी, माती झाली!

माणसांपेक्षा मुळांवर अधिक भरवसा ठेवणारा गृहस्थ मी आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, आमचे आतोबा. मध्य प्रदेशात कुक्षीकडच्या एका चुनखडीच्या खाणीवर ते झाडं लावण्याच्या कामावर होते. खाणीतून उपसलेल्या दगडमुरमाचा एक उघडाबोडका डोंगर त्यांच्या वाट्याला आला होता. त्यावर त्यांनी कडुलिंब लावले, पळस लावले, सगळे वाळले. मग कुठूनशी ऑस्ट्रेलियन बाभूळ आणली आणि ती अशी माजली की आतोबांची चालच बदलली. पायथ्याच्या गावातली एक म्हातारी रोज टोमणा मारी, "कई झाड़ लगायो साब, बकरी भी मूंडो नी लगावे!" बकरी तोंड लावत नाही याच खुशीत आतोबा म्हणत, "इसीलिए तो बचा, माँजी!"

त्यांच्या खिशात रुमाल कमी आणि पालापाचोळा जास्त. लग्नात अक्षता टाकायला मूठ उघडली तरी दोन वाळकी पानं नवरदेवाच्या डोक्यावर पडायची. माझ्या बहिणीच्या साखरपुड्याला तर त्यांनी कहरच केला. देवासला आमच्या घरी पाहुणे येऊन बसलेले, आई ताटं मांडतेय, आणि आतोबा मिठाईचा डबा छातीशी धरून दारातूनच ओरडले, "वहिनी, माती झाली!" आईच्या हातून ताट पडलं. व्याही उठून उभे राहिले. "अहो, कोणाची?" आईनं रडवेल्या आवाजात विचारलं. "डोंगरावर! पानं कुजून चांगली काळी माती झाली!" म्हणत त्यांनी डबा उघडून तिच्या नाकाशी नेला. आत्या आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही.

ते निवृत्त झाल्यावर खाणीवरच्या नव्या साहेबांनी त्यांना बोलावून घेतलं. बाभळीखाली बाभळीशिवाय दुसरं काही उगवत नव्हतं. देशी झाडांना जागा करायची तर तिला विरळ करणं भाग होतं. "आपने लगाए हैं, काकासाब. आप ही बोलो, काटें के रखें?" आतोबा दोन दिवस धड जेवले नाहीत. आत्याला एवढंच म्हणाले, "उभा जन्म चुकीचं झाड लावत बसलो काय गं?" तिसऱ्या दिवशी चुन्याची बादली घेऊन ते डोंगर चढले आणि निम्म्या झाडांवर आपल्या हातानं तोडायच्या खुणा करून आले. मला त्यांचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता, आणि इतकं वाईटही.

यंदा ते मला वर घेऊन गेले. मोकळ्या झालेल्या जागेत कडुलिंबाचं वीतभर रोप आपलं आपण उगवलं होतं. कुठल्याशा पाखरानं बी टाकलं असावं. गुडघ्यांमुळे आतोबांना वाकता येईना, म्हणून त्यांनी मला वाकून त्याला हात लावायला सांगितलं.

"हे मी लावलेलं नाही बरं का," ते म्हणाले. मग अगदी आनंदात, "आता इथं माझं काही काम उरलं नाही."

बराच वेळ मी तसाच वाकून राहिलो.