गिऱ्हाईक दुश्मन नाही

मित्रहो, आज दुपारी माझं काम सुटलं.

सौंसरला एका सेठकडे मी संत्र्याच्या पेट्या भरत होतो. सेठ म्हणाले, "बारकी खाली दाब, मोठी वर लाव. याले गनिमी कावा म्हणतात. महाराजांपासून धंदा शिक जरा."

मी बोललो, "सेठ, गनिमी कावा दुश्मनासाठी होता. गिऱ्हाईक आपला दुश्मन आहे का?"

"तू मले इतिहास शिकवून राहिला का? उद्यापासून येऊ नको."

हातातली पेटी मी खालपासून वरपर्यंत सारख्या फळांनी भरली आणि मगच निघालो.

आईला अजून सांगितलं नाही. पण महाराजांनी रयतेला फसवून राज्य उभं केलं नव्हतं, एवढं नववी नापास माणसालाही कळतं. सरळ पेटी भरणारा माणूस कुणाला हवा आहे का?