प्लेलिस्टमधली मुस्तफाची जागा

आधीच सांगतो, मी या पानावर टवाळी करायला येणाऱ्यांपैकी आहे. विहिरीवरची बाई, घाटात लिफ्ट मागणारा म्हातारा... सगळ्यांच्या खाली माझ्या खवचट कॉमेंट सापडतील. मी आखातात, मेसईदला खताच्या कारखान्यात इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन आहे. रीडिंग चुकलं तर आम्ही वायर तपासतो, देवऋषी बोलावत नाही. पण हे माझ्याच खोलीत घडलं आणि त्यातलं माझ्या वाट्याला काहीच आलं नाही. त्यामुळे लिहिण्यात कडवटपणा येणार, सांभाळून घ्या.

आम्ही तिघं मिळून एक इंटरनेट रेडिओ चालवायचो. निव्वळ हौस. फक्त रॉक. ‘खलास रॉक’ हे नाव मुस्तफाचं. तो माझा रूममेट, रत्नागिरीकडचा, फॅब्रिकेटर. दिवसभर लोखंड कापून आलेल्या माणसाला संध्याकाळी पुन्हा तोच खणखणाट कसा ऐकवतो, हे मला कधी कळलं नाही. तिसरा निशांत, आयटीवाला, शहरात ओल्ड एअरपोर्ट भागात बायकोमुलांसह राहतो. सर्व्हर त्याच्या नावावर, म्हणून मालकी गाजवणाराही तोच.

शो शुक्रवारी सकाळी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, मुस्तफाच्या नमाजाआधी संपेल असा. प्लेलिस्ट मी लावायचो. बाकीची स्टेशनं एक गाणं संपता संपता त्यावर दुसरं चढवतात. मुस्तफाला ते अजिबात खपायचं नाही. शेवटची तार वाजायची पूर्ण थांबू दे, मग मी बोलतो, असं त्याचं म्हणणं. म्हणून दर तीन-चार गाण्यांनंतर मी एक मुकी फाइल ठेवायचो — थोडा वेळ नुसती शांतता. ती सुरू झाली की तो माइक चालू करून लाइव्ह बोलायचा. त्या फाइलचं नावच मी ‘मुस्तफा’ ठेवलं होतं. निशांत त्याला सारखा सांगायचा, इंग्लिशमध्ये बोल, बाहेरचे लिसनर असतात. हा ‘इन्शाल्ला’ म्हणायचा आणि मराठीतच बोलायचा.

गेल्या उन्हाळ्यात तो ड्युटीवरून आला, झोपला आणि उठलाच नाही. कागदावर ‘नॅचरल’ लिहून आलं. चाळिशीसुद्धा न गाठलेल्या धडधाकट माणसाच्या मरणात नॅचरल काय असतं, ते मला कुणी सांगितलं नाही.

काही आठवड्यांनी रत्नागिरीहून त्याच्या बायकोचा, नसरीन वहिनींचा फोन आला. त्यांचा मोबाइल बिघडला होता आणि त्यातले त्याचे सगळे व्हॉइस मेसेज गेले होते. मुलगी लहान, बापाचा आवाज विसरायला लागलेली. रेडिओवरचं त्याचं बोलणं तुमच्याकडे असेल, तेवढं पाठवा, म्हणाल्या. मी म्हटलं, ढीगभर आहे. सगळे शो सर्व्हरवर रेकॉर्ड व्हायचे. मी लगेच निशांतला फोन लावला.

“अरे, स्टोरेज फुल झालं होतं,” तो म्हणाला. “जुने शो उडवले मी. कोण ऐकतं परत?”

त्याच्याकडे मागे टीव्ही चालू होता. मी फोन ठेवला. आजही त्याच्याशी नीट बोलवत नाही.

वहिनींना मी खरं काय ते सांगितलं. निदान त्याच्या आवडीच्या गाण्यांचा एक शो करतो, असं कबूल केलं आणि लिंक पाठवली. मग रोज ड्युटीनंतर प्लेलिस्ट लावत बसलो. त्याची लाडकी गाणी घेतली. एक नवीन गाणंही घेतलं, पुण्याच्या एका नव्या बँडचं. ते मुस्तफा गेल्यानंतर आलेलं, पण त्यातले ड्रम्स ऐकून तो वेडा झाला असता. सवयीने मी मधे मधे ‘मुस्तफा’ फाइलही टाकत गेलो. लक्षात आलं तेव्हा काढाव्याशा वाटल्या नाहीत. माइक तर मी कधीच गुंडाळून कपाटात ठेवला होता.

शुक्रवारी शो लावला. खोलीत मी एकटा, कानावर हेडफोन. नव्या गाण्याआधीची मुकी फाइल आली आणि गेली. मला काहीही ऐकू आलं नाही. मला रडू आलं, एवढंच.

तेवढ्यात चॅटवर मस्कतच्या एका जुन्या लिसनरने लिहिलं, मुस्तफाभाई परत आले का? मला वाटलं, हा मस्करी करतोय. मग निशांतचा मेसेज... ‘मस्त रे! त्याची क्लिप कुठून मिळवलीस?’ ज्याने सगळं पुसलं तोच हे विचारत होता.

आणि मग वहिनींचा फोन. त्यांना धड बोलता येत नव्हतं.

“भाऊ, ते बोलले. आधी खाकरले, नेहमी खाकरतात तसे. मग म्हणाले, आता जे गाणं येतंय त्याचे ड्रम्स ऐका.”

बँडचं नावही त्यांनी सांगितलं, बरोबर. ते पुण्याचं नवं गाणं. जुनी क्लिप असती तरी तिच्यात हे असणार कुठून? मुलगी तेव्हा शाळेत होती, तिकडे शुक्रवारची सुट्टी नसते. ती घरी आली की ऐकवते, रेकॉर्डिंग तेवढं पाठवा, म्हणाल्या.

सर्व्हरवरचं रेकॉर्डिंग काढलं. या वेळी माझ्या लॅपटॉपवरही रेकॉर्डिंग लावलं होतं, तेही काढलं. दोन्हीत त्या जागी सरळ रेघ, आवाजाचा टिपूस नाही. निशांत म्हणाला, काहीतरी ग्लिच असेल. स्वतःच्या कानांनी ऐकलेला माणूस हे म्हणतोय!

रेकॉर्डिंग होतं तसं पाठवलं. वहिनींचा संध्याकाळी फोन आला.

“ह्यात ते बोललेलं नाही.”

मी सांगितलं की माझ्याकडे तर कधीच नव्हतं. मला तर ऐकूसुद्धा आलं नाही.

“कापायचं-जोडायचं काम तुमचंच ना, भाऊ? पोर दारात वाट बघत बसली होती. तिच्यापासून कशाला लपवता?”

त्यानंतर त्यांनी माझा नंबर ब्लॉक केला. याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर ते मला नको, त्यांना जाऊन सांगा.

शो मी अजून लावतो. एकच ‘मुस्तफा’ फाइल ठेवतो, अगदी सुरुवातीला. तेव्हापासून कुणालाच काही ऐकू आलेलं नाही. स्क्रीनवर कुठल्या देशातून किती जण ऐकतायत ते दिसतं. भारतातून एक जण दर शुक्रवारी शो सुरू व्हायच्या आधीच येऊन थांबलेला असतो. फाइल संपून पहिलं गाणं सुरू झालं, की तो निघून जातो.