डाव्या विंगेतली खुर्ची

एक रिकामी खुर्ची अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण कोणी म्हणालं की साहेब, एखादी केस सांगा, तर आधी ती खुर्ची आठवते. लिहायची मला सवय नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. आजोबा महूला फौजेत होते, वडील तिथेच वर्कशॉपात. त्यात नोकरीभर सगळे कागद हिंदीत लिहिले. मराठी कुठे अडखळली तर सांभाळून घ्यावं.

तेव्हा मी इंदूरच्या जुन्या शहरातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. आमच्याकडे त्याला टीआय म्हणतात. सकाळची हजेरी आटोपून बसलो होतो, तेवढ्यात एक गृहस्थ आले. बडा गणपतीजवळ घर, राजवाड्याला साड्यांचं मोठं शोरूम. त्यांची आई सहलीहून परतली नव्हती.

सहल नाटकांची होती. शहरातल्या एका मराठी मंडळाची हौशी माणसं गाइडबरोबर आधी मुंबईला, मग पुण्याला गेली होती. रोज एक नाटक, प्रयोगानंतर कलाकारांची भेट, एखादी तालीम आत बसून बघायची, असा बेत. गाइड तिशीतली मुलगी होती, सगळे तिला ताई म्हणत. सहलीतल्या प्रत्येकाचं सांगणं एकच होतं, की परतताना काकू, म्हणजे यांची आई, रतलामला उतरल्या, एका मानलेल्या बहिणीकडे गेल्या.

"सर, रतलामला आमचं कोणी नाही," मुलगा म्हणाला. "त्या गाइडनेच फूस लावली. अपहरणाचा गुन्हा कायम करा, उचला तिला."

"आईंची तब्येत कशी आहे? विसरभोळेपणा वगैरे?"

"चांगल्या ठणठणीत आहेत. तीच तर मुसीबत आहे."

हे शेवटचं त्यांच्या तोंडून निसटलं. मी ते लक्षात ठेवलं.

गुन्हा न लिहिता मी 'गुम इंसान' दर्ज केला, म्हणजे माणूस हरवल्याची नोंद घेतली. काकूंचा मोबाइल पुण्यापासून बंद होता. दुपारी वरून फोन आला. "शोरूमवाले आपल्या ओळखीचे आहेत. ती मुलगी आज आत पाहिजे."

"सर, बयान घेतल्याशिवाय अटक करणार नाही," मी म्हणालो. पलीकडून फोन ठेवला गेला.

त्याच दिवशी ठाण्याच्या फोनवर एक दबलेला पुरुषी आवाज आला. "साहेब, काकू रतलामला उतरल्याच नाहीत. पुण्याहून गाडीत बसल्याच नव्हत्या. माझं नाव विचारू नका, घरात राहायचंय मला."

या खबरेने ताईची बाजू आणखी वाईट झाली. सगळेच खोटं बोलत असतील, तर पुण्यात काय घडलं? मी महिला आरक्षकाला, म्हणजे एका शिपाई बाईला, बरोबर घेऊन ताईला तिच्या घरी गाठलं.

"काकू गाडीत नव्हत्या, हे मला कळलंय."

तिचा चेहरा उतरला, पण नजर खाली गेली नाही. "मग करा मला अटक."

"कुठे आहेत त्या?"

"साहेब, सहलीतलं माणूस हरवणं यापेक्षा मोठी नामुष्की माझ्या कामात नाही. काकू हरवलेल्या नाहीत. याच्यापुढे मी बोलणार नाही."

"केस झाली तर पुन्हा कोणी तुमच्याबरोबर सहलीला येणार नाही."

"माहीत आहे."

अपराधी माणूस फिरून फिरून विचारतो, आता माझं काय होणार? तिने ते एकदाही विचारलं नाही. मी तिला अटक न करता बाहेर पडलो. ठाण्यावर पोहोचेपर्यंत वरून पुन्हा फोन आला होता. मी तेच उत्तर दिलं.

साक्षीदार बायकांना ठाण्यावर बोलवत नाहीत, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मीच मंडळाच्या हॉलमध्ये गेलो. बायका आणि दोघींचे नवरे स्टेजवर खुर्च्या मांडून एका ओळीत बसले होते.

आमच्या इंदूरचा स्वभाव मला माहीत आहे. दोन स्कूटरी घासल्या तरी बघणारे सगळे एकदम बोलतात, आणि स्कूटरचा रंगसुद्धा जुळत नाही. इथे मात्र कोणी कोणाच्या बोलण्यात तोंड घालत नव्हतं. एकीचं संपलं की दुसरी सुरू. "रतलामला गाडी थांबली. काकूंनी पिशवी उचलली." मग प्रत्येकजण नेमकं तिथेच थांबे. "म्हणाल्या, तुम्ही व्हा पुढे."

मी एकीला मध्येच अडवलं. "पिशवी कोणत्या रंगाची?"

ती गोंधळली आणि पुन्हा पहिल्यापासून लागली. "रतलामला गाडी थांबली..."

फोनवरचा आवाजही तिथेच भेटला. बायकोच्या शेजारी बसून तो गृहस्थ मनापासून रतलामचंच सांगत होता. मी ओळख दाखवली नाही. त्याला घरात राहायचं होतं.

शेवटच्या बाई पिशवीपाशी अडकल्या. पुढचं आठवेना. त्यांनी मान डावीकडे वळवली. आणि काय गंमत, अख्ख्या ओळीने डावीकडे पाहिलं. तिथे पडद्याला लागून विंगेत एक लाकडी खुर्ची होती. रिकामी.

"तिथे कोण बसतं?" मी सहज विचारलं.

"काकू," बाई बोलून गेल्या. "आमच्या प्रॉम्प्टर आहेत ना. आमचं अडलं की त्याच..."

शेजारणीने कपाळावर हात मारला. "झालं. बजावून सांगितलं होतं, तिकडे बघायचं नाही."

"अगं, सवय आहे. इतकी वर्षं बघतोय."

तिथे मला केस सुटल्यासारखी वाटली. ही बयानं काकूंनीच बसवून घेतली होती. ज्या बाईला पळवून नेतात, ती मागे राहिलेल्यांची तालीम घेऊन जात नाही.

"आता काय छुपवायचं," शेजारीण म्हणाली आणि सगळं सांगितलं. काकू मंडळाच्या प्रत्येक नाटकाला विंगेत बसल्या, पण उजेडात कधी आल्या नाहीत. आधी सासऱ्यांना चालत नव्हतं, मग नवऱ्याला, मग मुलाला. पुण्यात ताईने सगळ्यांना एक तालीम दाखवायला नेलं. आजीची भूमिका करणाऱ्या बाई आजारी होत्या, वाचायला कोणी हवं होतं. काकूंनी वाचलं. दिग्दर्शकाने दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलं आणि भूमिकाच दिली. काकूंनी घरी फोन केला, तर मुलगा म्हणाला, येऊन हाताला धरून आणीन. तेव्हा ठरलं, पहिला प्रयोग होईपर्यंत पत्ता फुटू द्यायचा नाही. मुलाची ती 'मुसीबत' कसली, ते मला आता कळलं; या फोनबद्दल तो माझ्याजवळ बोललाच नव्हता.

खोट्या बयानाबद्दल मी त्यांना चांगलं खडसावलं. त्यांनी ते मान खाली घालून ऐकलं, तेही एका ओळीत, एकदम.

हरवलेलं माणूस मिळालं की त्याला समक्ष पाहून बयान घ्यावं लागतं. मी महिला आरक्षकाला घेऊन पुण्याला निघालो. नियमाप्रमाणे मुलाला कळवलं. तो विमानाने पुढे पोहोचला. प्रयोग दुपारचा होता. आम्ही मेकअपरूममध्ये गेलो तेव्हा काकू नऊवारी नेसून तयार होत्या आणि मुलगा दारात उभा होता.

"आई, चल. लोक काय म्हणतील?"

"लोक तिकीट काढून बसलेत," काकू आरशात बघत म्हणाल्या. "काय म्हणायचं ते प्रयोग झाल्यावर म्हणतील."

"सर, तुम्ही बोला ना काही. पोलीस आहात."

मी काकूंना विचारलं, "कोणी फूस लावली? धाक दाखवला? डांबून ठेवलं?"

"डांबून ठेवलं होतं, साहेब. पण इथे नाही." त्या मुलाकडे वळल्या. "आणि त्या पोरीला हात लावलास तर उद्या तुझ्या शोरूमसमोर उभी राहून मी सगळ्या गिऱ्हाइकांना कारण सांगेन. माझा आवाज आता मागच्या रांगेपर्यंत जातो."

दुसरी घंटा झाली. मी घाईने कागद पुरा करत होतो. त्यात शेवटी एक रकाना असतो, मिळालेली व्यक्ती कोणाच्या सुपूर्द केली. वर्षानुवर्षं आम्ही तिथे बाप, नवरा, भाऊ, मुलगा लिहीत आलो. मी पेन उचललं. काकूंनी वाकून पाहिलं.

"मी काय सापडलेलं पाकीट आहे, कोणाच्या तरी हातात द्यायला? माझं नाव लिहा."

मी लिहिलं, स्वतःच्या सुपूर्द. त्यांनी खाली सही केली. मग तिसरी घंटा झाली आणि त्या निघून गेल्या. मुलगा थोडा वेळ तिथेच उभा होता. नंतर पाहिलं तर शेवटच्या रांगेत जाऊन बसला होता.

इंदूरला परतल्यावर वरच्या साहेबांनी फाइल माझ्यापुढे टाकली. "ये क्या लिखा है? बदलो."

"सर, बयान त्यांचं आहे, त्या वयाने सज्ञान आहेत. बदलायचं असेल तर आपल्या सहीने बदला." मी पोलिसात लागलो तेव्हा असं बोलण्याची हिंमत माझ्यात नव्हती. सही कोणी केली नाही. ताईवर केस झाली नाही, तिच्या सहली चालू राहिल्या. माझी मात्र देपालपुरला बदली झाली. देपालपुरही चांगलं गाव आहे.

त्या केसने मला एवढंच शिकवलं, की घरच्यांना न सापडणारं प्रत्येक माणूस हरवलेलं नसतं. निवृत्त होईपर्यंत माझ्यासमोर जी जी सज्ञान मुलगी, बाई, म्हातारा माणूस आला, त्यांना मी आधी तो रकाना दाखवला, आणि मग पेन त्यांच्या हातात दिलं.