भटूभाऊंचं अडकलेलं काम

त्या रविवारी सकाळपासून भटूभाऊंना मी चार फोन केले. आमच्या सुरतेतल्या लिंबायतच्या वाचनालयाचा हॉल मिळाला की नाही, एवढंच विचारायचं होतं. पाचवा फोन त्यांच्या बायकोने उचलला. मी नेहमीच्या पट्टीत सुरू झाले, वहिनी, त्यांना सांगा, माणसाने एकदा तरी... त्या म्हणाल्या, "ताई, ते पहाटे गेले." हार्ट अटॅक. जातानासुद्धा या माणसाने कळवलं नाही.

सात वर्षं आम्ही दोघं नवशिक्यांचे मेळावे घेत होतो, ओपन सोर्सचे. म्हणजे ज्या प्रोग्रॅमचा कोड सगळ्यांना खुला असतो, त्यात कुणीही दुरुस्ती पाठवायची, आणि ती पसंत पडली की पाठवणाऱ्याचं नाव तिथे कायमचं लागतं. मी बँकेतली, मला वेळापत्रक लागतं. भाऊ दहाच्या मेळाव्याला साडेअकराला उगवणार, आणि आल्या आल्या कोणाचं गाव कोणतं ते विचारत बसणार. त्यात कुणी त्यांच्या धुळ्याकडचं निघालं की झालं कल्याण! सोप्या दुरुस्त्यांची यादी मी आठवडाभर खपून करायची आणि यांनी ती बाजूला ठेवायची, का, तर ज्याची त्याला चूक शोधू दे. अहो, पण शोधणार कधी? एकदा गोडादऱ्याची एक मुलगी तासभर एकाच ओळीवर अडली होती. मला राहवेना. तिचा कीबोर्ड ओढून दोन मिनिटांत मी काम उरकलं. भाऊंनी शांतपणे सगळं पुसून टाकलं, तिच्यासमोर.

"तुले घाई शे ताई, तिले नही," म्हणाले. पंधरा दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही.

ते गेल्यावर मेळाव्यांची नोंद काढायला दुरुस्त्या पाठवायच्या साइटवरचं त्यांचं खातं पाहिलं आणि कपाळाला हात लावला. इतक्या लोकांची नावं लावून दिली, स्वतःचं एकदाही नाही! एकच दुरुस्ती पाठवलेली, अंधांना मराठी वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमसाठी. तपासणाऱ्याने लिहिलं होतं, एवढी एक ओळ बदला, मग घेतो. दोन वर्षं तशीच पडून. दर रविवारी दुसऱ्यांच्या शेजारी बसायचं, मग स्वतःचं कधी करणार... मला दोन मिनिटांचं काम होतं. नाव लागलं असतं त्यांचं. पण माझा हात चालेना. त्यांनी तेही पुसलं असतं.

शेवटी पुढच्या मेळाव्यात ते सुनंदाला दिलं. ती कतारगामची, पहिल्यांदाच आलेली, घरी साड्यांना टिकल्या लावते, कॉम्प्युटर नुकताच शिकलेली. दुसऱ्याने काम पुरं केलं तरी पहिल्याचं नाव राहतं, दोघांची लागतात. तिला तीन तास लागले. मी दातओठ खात चार चहा प्यायले, पण कीबोर्डला हात लावला नाही.

गुरुवारी तिचा फोन आला. दुरुस्ती घेतली होती.

"ताई, माझ्या नावाबरोबर हे भटू कोण? त्यांना पुढच्या वेळी बोलवा ना."

म्हटलं, "बोलावून उपयोग नाही गं. ते कधीच वेळेवर येत नाहीत."

फोन ठेवला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा ढसाढसा रडले.